भुई चोर हाय, बापू!

दोस्तांनो, एक साधा प्रश्न. काल रात्री तुम्ही ज्या अंथरुणावर झोपलात, त्यात खालून वर किती थर होते? मोजून सांगा बरं! गादी एक, चादर दोन, पांघरूण तीन... आणि गादीच्या खाली? तिथेच बहुतेकांची मोजणी थांबते.

हल्ली रंगीत मासिकांत पलंगांचे फोटो येतात. आधी जाड गादी, तिच्यावर पांढरीशुभ्र चादर, मग फिकट रंगाची दुलई, पायथ्याशी घडी घातलेली शाल आणि डोक्याशी पाच-सहा उशा! इतक्या उशा काढून ठेवायच्या कुठे आणि झोपायचं कधी, हे मला कळत नाही. पण खरं सांगू? थरावर थर रचून अंथरूण उबदार करायचं आणि देखणंही करायचं, ही कला काही फोटोवाल्यांनी शोधलेली नाही. माझी आजी हे काम रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर करायची. भंडारा जिल्ह्यात, लाखांदूर तालुक्यातल्या आमच्या आजोळी. आणि तिच्या अंथरुणात उशी असायची एकच!

भंडारा म्हणजे धानाचा जिल्हा, हे तुम्ही भूगोलात वाचलं असेल. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत तर हा जिल्हा आणखी मोठा होता. वैनगंगेच्या दोन्ही अंगांना बांध्याच बांध्या. आमच्याकडे भाताच्या खाचराला बांधी म्हणतात. पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या आगेमागे हलक्या धानाची कापणी, मग भारी धानाची. धान झोडून, चुरून झालं की मागे उरतं ते तणस. म्हणजे भाताचा पेंढा. तणस म्हणजे बैलांचा वर्षभराचा चारा. पण त्यातला थोडासा वाटा आजी बैलांच्या आधी आमच्यासाठी काढून ठेवायची. तोच आमच्या अंथरुणाचा पहिला थर!

डिसेंबर-जानेवारीत भंडाऱ्याकडे थंडी कडक पडते. पारा दहा अंशांच्या खाली जातो. उन्हाळ्यात पंचेचाळीसला पोचणारा हाच पारा, हे लक्षात घ्या! आम्ही भावंडं नाताळच्या सुटीत आजोळी जायचो. शेणानं सारवलेली ओसरी थंडगार असायची. पहिल्या रात्री आम्ही सतरंजी टाकून, अंगावर दोन-दोन पांघरुणं ओढून झोपायच्या तयारीला लागलो की आजी ओरडायची,

"अरे, वरून किती बी घ्या, थंडी वरून नाही लागत बापू, खालून लागते. भुई चोर हाय! रातभर ऊब चोरते."

मग ती तणसाच्या पेंढ्या सोडायची आणि चांगला वीतभर जाड थर पसरायची. झोपल्यावर तो दबून चार बोटं उरायचा. त्यावर शिंदीच्या पानांची चटई, म्हणजे तणस टोचत नाही. चटईवर सतरंजी, सतरंजीवर जुनी जाड गोधडी. झालं अंथरूण! पांघरुणाची गोष्ट पुढे.

'भुई चोर' ही गोष्ट आजीनं पुस्तकात वाचली नव्हती. शाळेत विज्ञानाच्या तासाला उष्णतेचं वहन शिकलो, तेव्हा मला आजीचं वाक्य एकदम आठवलं. बघा हं. शांत झोपलेल्या मोठ्या माणसाच्या शरीरातून साधारण सत्तर-ऐंशी वॅट उष्णता सतत बाहेर पडत असते. एखादा जुना पिवळा बल्ब रात्रभर जळत ठेवावा तशी! पांघरूण स्वतः उष्णता तयार करत नाही. ते फक्त तुमचीच उष्णता तुमच्याजवळ राखतं. आणि राखतं ते कशाच्या जोरावर? हवेच्या! अडकून पडलेली, न हलणारी हवा उष्णतेची फार वाईट वाहक. कापूस, लोकर, पिसं, पेंढा या सगळ्यांचं खरं काम एकच: हवेला लहान लहान कप्प्यांत कोंडून ठेवणं.

आता अंगाखालची गोधडी आठवा. तुमच्या वजनानं ती चेपते. आतली हवा निघून जाते. जमीन तर अफाट मोठी आणि गार. तिला कितीही ऊब द्या, तिचं पोट भरत नाही. म्हणून अंगावरच्या तीन पांघरुणांपेक्षा अंगाखालचा एक जाड थर जास्त उपयोगी पडतो. तणसाची काडी आतून पोकळ असते आणि ती सहज चपटी होत नाही. म्हणजे ती चेपली तरी हवा धरूनच ठेवते. गिर्यारोहक बर्फावर झोपताना अंगाखाली फोमची पट्टी घेतात ना, तेच काम आमचं तणस करायचं, आणि तेही फुकट!

अर्थात तणसाचे नखरेही पुष्कळ. ते यंदाचंच हवं. गेल्या वर्षीचं, पावसात भिजलेलं, काळपट वासाचं तणस आजी अंथरुणाला कधी घ्यायची नाही. दोन दिवस कडक उन्हात वाळवून, झटकून मगच ते घरात यायचं. आणि तणस पसरलेल्या खोलीत चिमणी, शेकोटीचं लाकूड, आजोबांची विडी यातलं काहीही आणायला सक्त मनाई! या बाबतीत आजी आजोबांचंही ऐकायची नाही. आता बऱ्याच ठिकाणी हार्वेस्टरनं कापणी होते. त्यात काड्या तुटून बांधीतच पडतात. लांब, सरळ तणस मिळवायचं तर हातानं कापलेल्या बांधीची वाट पाहावी लागते.

आता गोधडी. कुणी तिला वाकळ म्हणतं. आपल्या महाराष्ट्रात घराघरात ती असते, म्हणून आपण तिच्याकडे नीट बघतच नाही. विदर्भातलेच संत गाडगेबाबा चिंध्यांची गोधडी अंगावर घेऊन गावोगाव हिंडत, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवाही म्हणत.

गोधडी शिवायचा हंगाम उन्हाळ्यात. शेतीची कामं संपलेली, दुपार लांबच लांब. आजी, मामी आणि शेजारच्या दोघी-तिघी ओसरीवर जमायच्या. आधी एक धड असलेलं जुनं लुगडं दुहेरी करून जमिनीवर ताणून अंथरायचं आणि चार कोपऱ्यांवर चार दगड. ते हललं की सगळी गोधडी वाकडी! त्यावर फाटक्या धोतरांचे, सदऱ्यांचे, परकरांचे तुकडे एकमेकांना चिकटून मांडायचे. कुठे एक थर, कुठे दोन. जिथे खांदे आणि कंबर येते तिथे आजी मुद्दाम जास्त कापड घालायची. सगळ्यात वर पुन्हा एक चांगलं लुगडं. मग कडा आत दुमडून एका कोपऱ्यातून धावदोरा सुरू करायचा आणि काठाकाठानं चौकोनात फिरत फिरत आत जायचं. बाहेरचा चौकोन मोठा, आतला त्याहून लहान, त्याच्या आत आणखी लहान. शेवटचा टाका बरोबर मधोमध!

असे जवळजवळ टाके का घालायचे? नुसती कापडं एकावर एक ठेवली तर धुताना आतले तुकडे गोळा होऊन एका बाजूला जमतात. टाक्यांमुळे प्रत्येक तुकडा आपापल्या जागी राहतो. शिवाय प्रत्येक दोन टाक्यांच्या ओळींमध्ये कापड किंचित फुगतं. तिथे हवा! गोधडीवर हात फिरवला की लाटा लागतात ना, त्या या हवेच्या.

आणि कापड जुनंच का? नवं कापड खळीमुळे कडक असतं. शंभर वेळा धुतलेलं सुती लुगडं लोण्यासारखं मऊ होतं. गरिबीमुळे जुनं कापड वापरायचे हे खरंच. पण नवं थान विकत आणून शिवलेल्या गोधडीला ती मऊ ऊब येत नाही, हेही तितकंच खरं. जगभर बायकांनी हे ओळखलं होतं. बंगालमध्ये जुन्या साड्यांच्या कांथा शिवतात, बिहारमध्ये सुजनी. कर्नाटकातल्या सिद्दी बायका आपल्या कवंदीच्या चार कोपऱ्यांवर कापडाची फुलं लावतात. फुलांशिवाय कवंदी म्हणजे त्यांच्या मते उघडीनागडी! जपानच्या थंड उत्तर भागात कापूस पिकत नसे. तिथले शेतकरी मिळेल ती चिंधी चिंधीवर शिवून पांघरुणं करत. आज त्या जपानी गोधड्या, 'बोरो' म्हणतात त्यांना, वस्तुसंग्रहालयांत काचेआड ठेवल्या आहेत. आमच्या आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "काचेत ठेवून ऊब येते का?"

देखणेपणाची गोष्ट राहिली. आजीची नजर फार कडक! वरचं लुगडं निवडताना ती काठाचा विचार आधी करायची. लाल काठ चारही बाजूंनी चौकटीसारखा यायला हवा. हिरव्याशेजारी निळा तुकडा आलेला तिला खपायचा नाही, मध्ये पिवळी पट्टी हवीच. पाहुणे आले की गोधडीची सुरेख बाजू वर, घरच्या घरी उलटी बाजू वर. म्हणजे सुरेख बाजू झिजायची नाही! सकाळी सगळ्या गोधड्यांच्या सारख्या घड्या करून लाकडी पेटीवर थप्पी लागायची, काठ एका रेषेत. थप्पीवर सगळ्यात वर कोशाच्या कापडाचा एक हातभर तुकडा. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावचे विणकर कोशाच्या कापडासाठी प्रसिद्ध आहेत, तुम्हांला माहीत असेल. ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांच्या कोशांपासून ते रेशीम निघतं. त्याचा मधासारखा रंग त्या थप्पीवर असा काही खुलायचा! फोटोतल्या पायथ्याच्या शालीचं काम आजीच्या घरी तो तुकडा करायचा.

आता पांघरूण. त्याचा क्रमही ठरलेला. अंगाला लागून पातळ, धुतलेली सुती चादर. तिच्यावर गोधडी. फारच थंडी असली तर सगळ्यात वर घोंगडी. आम्ही घोंगडी खाली घ्यायला बघायचो, कारण ती सगळ्यात गरम. पण ती टोचते, आणि घाम टिपायचं काम चादरीचं. चादर रोज धुता येते, गोधडी नाही! तीन पातळ थरांचा आणखी एक फायदा. पहाटे उकडलं तर एक बाजूला सारा, गारठलात तर पुन्हा ओढा. एकाच जाड रजईत मात्र एकतर घाम, नाहीतर थंडी.

आजोबा शेतावर जागलीला जात, तेव्हा घोंगडी त्यांच्याबरोबर जायची. दंव पडलं तरी लोकर पटकन गार पडत नाही. कापसाची गोष्ट उलटी. कापूस ओल धरून ठेवतो. रात्रभर आपल्या अंगातून वाफ निघत असते, ती गोधडीत मुरते. म्हणून दोन-चार दिवसांनी आजी गोधड्या उन्हात टाकायची आणि काठीनं झोडायची. ओल जाते, धूळ जाते, चेपलेलं कापड पुन्हा फुगतं. उन्हात तापलेल्या गोधडीचा वास तुम्हांला माहीत आहे ना? नसेल तर येत्या रविवारी घ्या.

इथपर्यंत सगळं थंडीचं. पण आमच्या घरच्या अंथरुणातला सगळ्यात महत्त्वाचा थर पावसाळ्यातला आहे. तो उबेसाठी नाहीच. आणि तो आजीच्याही यादीत आधी नव्हता.

ऑगस्टचा महिना होता. रोवणी आटोपली होती. उकाडा एवढा की बाजेवर झोप लागेना. बाज म्हणजे दोरीनं विणलेली खाट. माझा मामेभाऊ तेव्हा अकरा वर्षांचा. रात्री केव्हातरी तो उठला आणि खाली गार जमिनीवर नुसती सतरंजी टाकून झोपला. पहाटे चारच्या सुमाराला पोट दुखतं म्हणून रडायला लागला. मामीला वाटलं, काहीतरी खाण्यात आलं असेल. पण थोड्या वेळानं तो म्हणाला, "आई, डोळे उघडत नाहीत." पापण्या खरंच खाली ओघळत होत्या. पाणी पाजलं तर गिळता येईना. मामानं कंदील घेऊन ओसरी पाहिली. धानाच्या कणगीमागे काळाभोर, अंगावर बारीक पांढरे पट्टे असलेला साप वेटोळं करून बसला होता. मण्यार!

मित्रांनो, हे नीट वाचा. आईबाबांनाही वाचायला द्या. मण्यार रात्री फिरते. घरात धान म्हणजे उंदीर, आणि उंदीर, पाली, लहान साप हेच तिचं खाणं. ती माणसाला चावायला येत नाही. पण जमिनीवर झोपलेल्या माणसाचा हात किंवा पाय तिच्यावर पडला की चावते. तिचे दात इतके बारीक की चावल्याचं दुखत नाही, सूज येत नाही, कित्येकदा खूणही दिसत नाही. झोपलेला माणूस जागासुद्धा होत नाही! मग पोटदुखी, ओघळत्या पापण्या, गिळताना त्रास, आणि शेवटी श्वास थांबतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं मूल पहाटे असं काही सांगू लागलं, तर साप दिसला नसला तरी लगेच दवाखाना गाठायचा. जखम कापायची नाही, दोरीनं आवळायचं नाही, मांत्रिकाकडे एक मिनिटही घालवायचं नाही.

मामानं तेच केलं. शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मध्ये मुलाला घट्ट धरून बसवलं. दवाखान्यात सर्पविषावरची लस मिळाली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर आपल्याकडे एकच लस चालते. पण मण्यारीच्या विषानं श्वासाचे स्नायू लुळे पडतात, ते पूर्ववत व्हायला वेळ लागतो. दोन दिवस त्याला कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर ठेवलं होतं. त्या दोन दिवसांत आजी घरी एकदाही आडवी झाली नाही. भिंतीला टेकून बसून राहिली.

तिसऱ्या दिवशी त्यानं डोळे उघडले आणि पहिली मागणी केली ती भजीची! आज तो ट्रॅक्टर चालवतो, आणि सापांबद्दल बोलायला अजिबात तयार नसतो.

तो घरी आला त्याच संध्याकाळी आजीनं अंथरुणाची सगळी रचना बदलली. पावसाळ्यात कुणीही जमिनीवर झोपायचं नाही. बाज भिंतीपासून हातभर दूर. गोधडीचं टोक खाली जमिनीला टेकता कामा नये, नाहीतर ती सापाला शिडीच! आणि सगळ्यात वर मच्छरदाणी. मच्छरदाणी घरात होतीच. पण ती नुसती वरून सोडलेली असायची, खालून मोकळी. आजीनं तिच्या चारही कडा अंथरुणाखाली खोचायला लावल्या. पाहुणा खाली झोपणार असेल तर त्याचीही मच्छरदाणी चटईखाली दाबलेली. रात्री पाणी प्यायला उठलं की बॅटरी लावूनच पाय खाली, आणि परत आल्यावर कड पुन्हा खोचलेली आहे की नाही, हे ती अंधारात हातानं चाचपून बघायची. डास गेले, हिवताप गेला, आणि मण्यारीचीही वाट बंद झाली.

नेपाळच्या तराई भागात संशोधकांनी हीच गोष्ट तपासून पाहिली होती. तिथेही धानाची शेती, तिथेही मण्यार. मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना साप चावण्याचा धोका बराच कमी असतो, असं त्यांना आढळलं. तो अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. आजीनं तोवर कित्येक पावसाळे कडा खोचल्या होत्या.

आई-बाबांसाठी आणखी एक-दोन गोष्टी, भराभर. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठतच नाही. त्यापेक्षा अंगाखाली एक थर वाढवा. तान्ह्या बाळावर जड गोधडी घालू नका. त्याला ती बाजूला सारता येत नाही. अंगात एक जास्तीचं झबलं पुरे. आणि शहरात तणस कुठून आणायचं, असं विचारू नका! फरशीवर झोपत असाल तर गादीखाली चटई आणि जुनी गोधडी टाकून बघा. फरशी तर भुईपेक्षाही सराईत चोर!

आजी आता नाही. तिच्या हातच्या दोन गोधड्या आमच्याकडे आहेत. त्यातल्या एकीचं वरचं लुगडं खांद्यापाशी विरलं आहे. खालचा मामाच्या शाळेच्या सदऱ्याचा निळा तुकडा, त्याच्याखाली आजोबांचं धोतर, असं सगळं एकेक करून बाहेर डोकावतं. गोधडी अशी झिजली की टाकायची नसते. तिच्यावरच दोन्ही बाजूंनी नवं कापड घालून पुन्हा टाके घालायचे, म्हणजे जुनी गोधडी नवीच्या पोटात जाते. यंदाच्या उन्हाळ्यात आई आणि मामी तेच करणार आहेत. अडचण एकच. घरात जुन्या साड्या ढीगभर, पण सगळ्या नायलॉन-पॉलिएस्टरच्या, घाम न टिपणाऱ्या, अंगावरून सुळकन घसरणाऱ्या. शोधून शोधून अस्सल सुती लुगडं निघालं ते एकच. दुसऱ्या बाजूला काय लावायचं, यावर दोघींचं अजून एकमत नाही. मामी म्हणते खिडकीचा जुना खादीचा पडदा. आई म्हणते बाबांचं धोतर. मला वाटतं धोतरच जिंकणार, कारण आईनं ते बाबांना न विचारताच खळ काढायला भिजत घातलं आहे.